बाळसें आणि रक्तांतील मेद

मूल बाळसेदार असावें ही इच्छा आपल्या समाजांत इतकी जुनी आहे कीं, तिच्याविषयीं शंका घेणें म्हणजे घरांतील वडीलधाऱ्यांशीं वाद ओढवून घेणेंच होय. गालाला खळी, मनगटाला वळी आणि मांडीला घडी, असें मूल पाहिलें म्हणजे शेजारीण कौतुक करते आणि आई दृष्ट काढते. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत या इच्छेमागें केवळ हौस नाहीं. ज्वारी आणि कापूस यांच्यावर, तोही बहुतांशीं कोरडवाहू शेतींतील, संसार चालवणाऱ्या या मुलखानें पावसाची लहर पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. १८९९–१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाड होरपळून निघालें, त्याच्या आठवणी पुढें कित्येक वर्षें सांगितल्या जात. ज्या घरानें उपास पाहिला, त्या घराला मुलाच्या अंगावरील मांस हेंच खरें धन वाटावें यांत नवल नाहीं. झरी-जामणी, केळापूर, मारेगांव या तालुक्यांतील कोलाम वस्त्यांत आजही कुपोषणाचीच चिंता आधी करावी लागते.

परंतु त्याच जिल्ह्यांतील यवतमाळ, पुसद, वणी अशा शहरांतून दुसरें एक दृश्य दिसूं लागलें आहे. शाळा सुटल्यावर आलूबोंडा किंवा कचोरी, तिच्या जोडीला बाटलींतलें गोड पेय, त्यानंतर शिकवणी, आणि शिकवणीनंतर हातांतला दूरध्वनीचा पडदा. आठव्या-दहाव्या वर्षींच शर्टाची गुंडी पोटावर ताणली जाते, आजी म्हणते, "वाढत्या वयाचं अंग आहे, उंची आली कीं झडेल." कधीं कधीं तें खरोखरच झडतें. पुष्कळदां मात्र झडत नाहीं. आणि झडेपर्यंत शरीराच्या आंत काय चाललेलें असतें, तें वजनकाट्यावर दिसत नाहीं. तें रक्तांत दिसतें.

रक्त हें मुख्यतः पाणी आहे आणि मेद पाण्यांत विरघळत नाहीं. पातेल्यांत तेलाचा तवंग जसा वर तरंगतो, तसा तो रक्तांत तरंगूं लागला तर अनर्थ होईल. म्हणून शरीरानें एक युक्ति योजिली आहे. मेदाच्या सूक्ष्म गोळ्याभोंवतीं प्रथिनें आणि फॉस्फरसयुक्त मेदद्रव्यें यांचें वेष्टन घालून त्याचे लहान लहान कण बनवले जातात, आणि ते रक्ताबरोबर सुखानें वाहतात. भरपेट तळलेलें खाल्ल्यावर दोन-तीन तासांनीं घेतलेलें रक्त स्थिर ठेवलें, तर वरचा पातळ भाग दुधासारखा गढूळ दिसतो, तो याच कणांमुळें. तपासणीच्या आदल्या रात्रीं जेवणानंतर नऊ ते बारा तास कांहीं खाऊं नये असें सांगतात, त्याचें कारणही हेंच आहे. पाणी प्यावयास हरकत नसते.

या कणांतून दोन प्रकारचा माल जातो. एक ट्रायग्लिसराइड, म्हणजे आपण ज्याला चरबी म्हणतों ती, शरीराचें इंधन. दुसरें कोलेस्टेरॉल, हें इंधन नव्हे, तर पेशींच्या भिंती आणि कित्येक अंतःस्राव घडवण्याचा कच्चा माल. यकृत ट्रायग्लिसराइडनें भरलेले मोठे कण रक्तांत सोडतें, त्यांना व्ही. एल्. डी. एल्. म्हणतात. वाटेंत स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना इंधन देत देत हे कण लहान होतात आणि शेवटीं कोलेस्टेरॉलनें भरलेले एल्. डी. एल्. कण उरतात. हे कण संख्येनें फार झाले तर धमन्यांच्या अस्तरांत शिरून बसतात. उलट एच्. डी. एल्. नांवाचे कण पेशींकडील जास्तीचें कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत नेतात. लोक एकाला वाईट आणि दुसऱ्याला चांगलें कोलेस्टेरॉल म्हणतात. कोलेस्टेरॉल दोहोंतही एकच आहे. फरक गाडीचा आहे, मालाचा नाहीं.

आतां तपासणीचा कागद कसा वाचावा तें पाहूं, कारण चूक बहुधा येथेंच होते. समजा, दहा वर्षांच्या एका लठ्ठ मुलाच्या कागदावर पुढील आंकडे आहेत: एकूण कोलेस्टेरॉल १६८, एच्. डी. एल्. ३६, ट्रायग्लिसराइड १७२. सर्व आंकडे दर १०० घन सेंटिमीटर रक्तद्रवांत इतके मिलिग्रॅम असे. बाप पहिला आंकडा पाहतो. मोठ्या माणसांत २०० पर्यंत चालतें असें त्यानें ऐकलेलें असतें. तो कागद घडी करून खिशांत ठेवतो. मुलांसाठीं मर्यादा निराळ्या आहेत. एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या आंत असावें, म्हणजे या मुलाचें तें खरोखरच ठीक आहे. एल्. डी. एल्. बहुधा प्रत्यक्ष मोजत नाहींत, हिशेबानें काढतात: ट्रायग्लिसराइडला पांचानें भागावें, तो भागाकार आणि एच्. डी. एल्. दोन्ही एकूणांतून वजा करावीं. १७२ चा पांचवा हिस्सा सुमारें ३४. १६८ मधून ३४ आणि ३६ गेले कीं राहिले ९८. मुलांसाठीं ११० च्या आंत चांगलें, म्हणजे हाही आंकडा निर्दोष. मग बिघाड कोठें आहे? तो उरलेल्या दोन आंकड्यांत आहे. दहा ते एकोणीस या वयांत ट्रायग्लिसराइड ९० च्या आंत असावें आणि १३० पासून पुढें तें अधिक समजतात. दहा वर्षांच्या आंतील मुलांत तर ७५ च्या आंत असावें आणि १०० पासूनच अधिक समजतात. या मुलाचें आहे १७२. एच्. डी. एल्. ४५ हून अधिक असावें आणि ४० च्या खालीं तें कमी समजतात; या मुलाचें आहे ३६. एकूणांतून एच्. डी. एल्. वजा केल्यास १३२ उरतात. धमन्यांना अपाय करूं शकणाऱ्या सर्व कणांचें कोलेस्टेरॉल या एका आंकड्यांत येतें, आणि तो १२० च्या आंत असावा.

ट्रायग्लिसराइड वर आणि एच्. डी. एल्. खालीं, एल्. डी. एल्. मात्र फारसें बदललेलें नाहीं, ही जोडी लठ्ठ मुलांच्या रक्ताची खूण म्हणतां येईल. पहिल्या आंकड्याला दुसऱ्यानें भागलें असतां येणारा भागाकार जितका मोठा, तितका शरीरावर इन्शुलिनचा प्रभाव मंदावल्याचा संशय अधिक. वरील उदाहरणांत तो जवळजवळ पावणेपांच आहे. ज्या रक्तपरीक्षेंत फक्त एकूण कोलेस्टेरॉल मोजतात, ती अशा मुलाला निरोगी ठरवून घरीं पाठवील.

असें कां होतें, तें समजण्यासाठीं यकृताकडे जावें लागतें. त्वचेखालील चरबी ही एक प्रकारची कोठार आहे. जेवणानंतर इन्शुलिनच्या आज्ञेनें ती माल आंत घेते आणि दारें बंद करते. कोठार भरून वाहूं लागलें म्हणजे चरबी पोटाच्या पोकळींत, आंतड्यांभोंवतीं आणि पुढें प्रत्यक्ष यकृतांत साठूं लागते. या चरबीवर इन्शुलिनची आज्ञा नीट चालत नाहीं. तिची दारें सदा किलकिलीं राहतात आणि मेदाम्लें यकृताकडे वाहत राहतात. स्वादुपिंड आज्ञा पाळली जावी म्हणून अधिकाधिक इन्शुलिन सोडतें. येथें निसर्गाची एक विचित्र विसंगति दिसते: साखरेच्या बाबतींत बहिरें झालेलें यकृत मेद तयार करण्याची इन्शुलिनची आज्ञा मात्र ऐकतच राहतें. गोड पेयांतील साखरेचा अर्धा भाग असलेलें फ्रुक्टोज तर बहुतांशीं यकृतांतच पचवलें जातें आणि जास्त झालें कीं त्याचाही मेद बनतो. परिणामीं यकृत ट्रायग्लिसराइडनें लादलेले मोठे कण रक्तांत ओततें. हे कण आपलें ट्रायग्लिसराइड एच्. डी. एल्. कणांना देऊन बदल्यांत कोलेस्टेरॉल घेतात, आणि असा बदललेला एच्. डी. एल्. कण लवकर नाश पावतो. म्हणून एकाचा आंकडा वर जातो तेव्हां दुसऱ्याचा खालीं येतो. एल्. डी. एल्. चेही तसेंच होतें. एकूण वजन तेंच राहून त्याचे कण अधिक लहान, अधिक घट्ट आणि संख्येनें अधिक होतात. कागदावरचे ९८ दिसतात तितके निष्पाप नसतात, तें यामुळें.

रक्त न काढतांही दिसणारी एक खूण आहे, आणि तिच्याविषयीं घरोघरीं गैरसमज आहे. मानेच्या मागल्या बाजूस व कांखेंत कातडी काळी, जाडसर आणि मखमलीसारखी होते. आई तिला मळ समजते. उटणें, बेसन, लिंबाची फोड, शेवटीं दगडानें घासणें, असे सर्व उपाय होतात, मूल रडतें आणि काळेपणा जात नाहीं. तो मळ नव्हेच. रक्तांत वाढलेल्या इन्शुलिनमुळें कातडीच्या पेशी फाजील वाढतात, त्याचा तो रंग आहे. मान घासणाऱ्या त्या मातेला कोणी एवढी एक गोष्ट वेळीं सांगितली, तर मुलाचा छळ वांचेल आणि तपासणीही लवकर होईल.

मुलांचा लठ्ठपणा आणि रक्तांतील मेद यांचा संबंध पाश्चात्य देशांत पुष्कळ अभ्यासिला गेला. कोरियाच्या युद्धांत मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांचीं हृदयें तपासलीं गेलीं. त्या सैनिकांचें सरासरी वय बावीस होतें, तरी चारांपैकीं तिघांहून अधिकांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा सांपडल्या. हा वृत्तांत १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतांत बोगालुसा नांवाच्या गांवीं डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनीं १९७३ पासून मुलांची तपासणी आरंभिली. ज्या मुलांचीं व तरुणांचीं मोजमापें आधीं नोंदलीं होतीं, त्यांपैकीं जे अपघातादि कारणांनीं मरण पावले, त्यांच्या धमन्या पाहण्यांत आल्या. १९९८ सालीं अशा २०४ जणांचा वृत्तांत छापला गेला. लठ्ठपणा, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, एल्. डी. एल्. यांपैकीं जितक्या गोष्टी एकत्र वाढलेल्या, तितके धमन्यांवरील डाग अधिक. हृदयविकार पन्नाशींत प्रकट होतो, परंतु त्याची पेरणी शाळकरी वयांत होते.

या सर्व ज्ञानांत आपल्या मुलखाला सर्वांत महत्त्वाची भर पुण्यांत पडली. तेथील के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना मधुमेहाचे रुग्ण तपासतांना असें आढळे कीं, पाठ्यपुस्तकांत ज्यांना लठ्ठ म्हणतात तसे हे लोक नाहींत. अंगानें किरकोळ, तरी रक्त मात्र लठ्ठ माणसाचें. मग हें येतें कोठून? इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील प्रा. डेव्हिड बार्कर यांनीं गर्भावस्थेंतील पोषणाचा पुढील आयुष्यावर परिणाम होतो असा विचार मांडला होता. बार्कर यांच्या सहकारी डॉ. कॅरोलिन फॉल आणि याज्ञिक यांनीं मिळून १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत विवाहित स्त्रियांच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला. गरोदरपणापूर्वींच मोजमाप, मग गर्भावस्थेंत, मग जन्मतांच मुलाचें. शेतांत राबणाऱ्या, अल्प आहार घेणाऱ्या या माता होत्या. त्यांचीं मुलें सरासरीनें २·७ किलोग्रॅम वजनाचीं भरलीं. साउदॅम्प्टनचीं मुलें ३·५ किलोग्रॅमचीं. फरक मोठा. पण चिमट्यासारख्या यंत्रानें जेव्हां या मुलांच्या पाठीवरील, खांद्याच्या फऱ्याखालील कातडीची घडी मोजली, तेव्हां ती इतर मापांच्या मानानें फारच थोडी कमी निघाली. पोटांतील अवयव लहान, स्नायू लहान, परंतु चरबी जवळजवळ शाबूत! हीं बाळें डोळ्यांना कृश दिसत होतीं, आणि तरीही त्यांच्या देहांत मेदाचा अंश अधिक होता. २००३ सालीं हें निष्कर्षरूपानें प्रसिद्ध झालें आणि 'कृश पण मेदयुक्त भारतीय बालक' ही कल्पना जगभर रूढ झाली.

दुसऱ्या वर्षीं याज्ञिक यांनीं लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकांत आपणां दोघांचेंच छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंचीच्या मानानें वजन काढण्याचा जो निर्देशांक आहे, तो दोघांचाही २२·३, म्हणजे अगदीं तंतोतंत सारखा. मेदाचें प्रमाण मात्र युडकिन यांच्या देहांत शेंकडा ९·१ आणि याज्ञिक यांच्या देहांत शेंकडा २१·२! शास्त्रज्ञानें स्वतःच्या पोटाचा दाखला द्यावा ही गोष्ट विरळा, आणि म्हणूनच ती लोकांच्या ध्यानांत राहिली.

तरी मुलांच्या दृष्टीनें खरा धडा त्याआधींचा, १९९९ सालचा आहे. त्याच रुग्णालयांत जन्मलेलीं ४७७ मुलें आठव्या वर्षीं पुन्हां तपासण्यांत आलीं. इन्शुलिनचा प्रभाव सर्वांत मंद आणि एकूण व एल्. डी. एल्. कोलेस्टेरॉल सर्वांत अधिक कोणांत आढळलें? केवळ जन्मतः लहान असलेल्यांत नव्हे, केवळ आठव्या वर्षीं स्थूल असलेल्यांतही नव्हे. जन्मतः लहान आणि आठव्या वर्षीं मेदयुक्त, अशा दोन्ही गोष्टी ज्यांच्या वाट्यास आल्या, त्यांत. यवतमाळ जिल्ह्याच्या वाचकानें येथें क्षणभर थांबावें. ज्या मुलखांत अर्धपोटीं मातांचीं मुलें हलकीं जन्मतात आणि मग एका पिढींत घर खेड्यांतून शहरांत येऊन हाताशीं पैसा खेळूं लागतो, तेथें नेमकें हेंच घडण्याचा संभव असतो. हलक्या जन्मलेल्या मुलाला भरून काढण्यासाठीं प्रेमानें घातलेलें तूप-साखरेचें प्रत्येक ताट त्या कोठाराकडे जातें, जें जन्मतःच भरलेलें होतें. कुपोषण आणि लठ्ठपणा हीं दोन टोकें आहेत असें आपण समजतों. एकाच मुलाच्या आयुष्यांत तीं एकामागून एक येऊं शकतात.

२०१६ ते २०१८ या काळांत भारत सरकारनें मुलांच्या पोषणाची जी देशव्यापी पाहणी केली, तिच्यांतील आंकडे याच दिशेला बोट दाखवतात. पांच ते नऊ वयाच्या मुलांत लठ्ठपणाकडे झुकलेलीं मुलें शंभरांत चार, आणि ट्रायग्लिसराइड अधिक असलेलीं शंभरांत चौतीस. दहा ते एकोणीस वयांत अनुक्रमें पांच आणि सोळा. एच्. डी. एल्. कमी असलेलीं दोन्ही वयोगटांत चौथ्या हिश्शाहून अधिक. लहान वयासाठीं मर्यादा खालीं धरलेली असल्यानें पहिला आंकडा कांहीं अंशीं फुगला असेल, हें मान्य केलें तरी चार आणि चौतीस यांतील दरी बुजत नाहीं. म्हणजे रक्त बिघडलेल्यांपैकीं बहुसंख्य मुलें दिसावयास लठ्ठ नाहींतच. भात, पोळी, साखर आणि बिस्किटें यांवरच भागवलेला, डाळ-दुधानें आणि भाज्यांनीं दुबळा आहारही ट्रायग्लिसराइड वाढवतो, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

मग वजन न पाहतां मुलाची पारख कशी करावी? एक दोरी घ्यावी, मुलाच्या डोक्यापासून टांचेपर्यंतच्या उंचीइतकी कापावी, ती दुमडून निम्मी करावी आणि मुलाच्या कमरेभोंवतीं लावून पाहावी. सहाव्या वर्षापुढील मुलांत ती सहज पुरली तर ठीक. तोकडी पडली तर पोटांतील चरबी वाढली आहे असें समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा. या परीक्षेला वजनकाटा लागत नाहीं, तक्ता लागत नाहीं, आणि ती झरी-जामणीच्या आश्रमशाळेंतही तितकीच चालते जितकी यवतमाळच्या बंगल्यांत.

उपायांची गोष्ट करतांना प्रथम काय करूं नये तें सांगणें अधिक जरूर आहे. वाढत्या मुलाला उपाशी ठेवूं नये. पुष्कळ मुलांच्या बाबतींत वजन कमी करण्याचीही गरज नसते. वजन आहे तेथेंच राहून उंची वाढली तर तीच कमाई. तेलातुपाची फोडणी एकदम बंद करून मुलाला गोड बिस्किटांवर सोडणें हा तर उफराटा न्याय होईल, कारण या जातीचा बिघाड तुपापेक्षां साखर, मैदा आणि गोड पेयें यांनीं अधिक पोसला जातो. बाटलींतलें पेय बंद करणें हा पहिला उपाय, आणि पुष्कळ घरांत एवढ्यानेंही ट्रायग्लिसराइडचा आंकडा कांहीं महिन्यांत खालीं येतो. फळांचा रस काढूं नये, फळ चावून खावें. वऱ्हाडांतील घरांत ज्या गोष्टी जुन्या म्हणून मागें पडल्या, त्यांतल्या कांहीं परत आणण्यासारख्या आहेत: ज्वारीची भाकरी, तुरीचें घट्ट वरण, अंबाडीची भाजी, आणि जवसाची चटणी. जवसाच्या तेलांत मासळींतील मेदाच्या जातीचें एक मेदाम्ल विपुल आहे. भाकरीनें चमत्कार होतो असें कोणी समजूं नये. चार भाकरी खाल्ल्या तर त्याही पोटांत साठतात. दररोज तासभर घाम येईपर्यंत खेळणें याला मात्र पर्याय नाहीं, कारण काम करणारा स्नायू रक्तांतील ट्रायग्लिसराइड स्वतः ओढून घेतो. यवतमाळच्या वैशाखांत दुपारीं खेळावयास पाठवणें क्रूरपणाचें होईल. पण सकाळचे सहा वाजले कीं मैदान सर्वांना खुलें असतें, आणि त्या वेळेला शिकवणी ठेवणारे पालक मुलाचें नुकसान दोन्हीकडून करतात.

लठ्ठपणाशीं संबंध नसलेला एक आजार येथें वेगळा काढला पाहिजे. सुमारें अडीचशें ते तीनशें माणसांत एकाला आईबापांकडून असा दोष येतो कीं, यकृत रक्तांतील एल्. डी. एल्. पुरेसें उचलूं शकत नाहीं. ही उचलण्याची क्रिया कशी चालते तें शोधून काढल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. असें मूल सडपातळ, चपळ, धडधाकट असतें आणि त्याचें एल्. डी. एल्. १६०, १९० किंवा त्याहूनही वर असतें. घरांत कोणा पुरुषास पंचावन्नच्या किंवा स्त्रीस पासष्टच्या आंत हृदयविकार झाला असेल, तर मुलाचें रक्त तपासावें, मग तें कितीही कृश असो. अशा मुलांना आठ-दहा वर्षांच्या वयापासून औषध देतात. लठ्ठपणामुळें वाढलेल्या ट्रायग्लिसराइडला मात्र बहुधा औषध लागत नाहीं. तें ५०० च्या वर गेलें तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि मग डॉक्टरांनीं त्वरा करावी लागते.

एका तपासणीवर निकाल देऊं नये. ताप येऊन गेल्यावर तीन आठवडे तरी रक्तांतील मेदाचे आंकडे विश्वसनीय नसतात, आणि एकाच मुलाचें ट्रायग्लिसराइड आठवड्याआठवड्याला पुष्कळ हलतें. म्हणून दोन वेळा तपासून सरासरी घेतात. आंकडे वाईट आले तर त्याबरोबर उपाशीपोटींची साखर, रक्तदाब आणि यकृताची एक साधी चांचणी करून घ्यावी. कारण यकृतांत चरबी साचली तरी मुलाला कांहीं दुखत नाहीं. त्यानंतर तीन ते सहा महिन्यांनीं पुन्हां रक्त पाहतात. मधल्या काळांत दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती दोरी काढावी. मुलाची उंची वाढली असेल तर नवी कापावी लागेल.